इब्न इसहाकला साक्षीला ओढणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीतून इस्लामच्या आरंभकाळावर लिहिणारे लेखक, ते लेखन छापणारे संपादक-प्रकाशक, आणि त्यावरून वाहिन्यांवर व समाजमाध्यमांवर भांडणारे सर्व जण यांस,

सप्रेम नमस्कार आणि सलाम.

पैगंबर मुहंमदांच्या चरित्रावरून आपल्याकडे वाद पेटला की दोन्ही बाजू एकाच माणसाला साक्षीला ओढतात: आठव्या शतकातला चरित्रकार इब्न इसहाक. एक बाजू म्हणते, 'तुमच्याच सर्वांत जुन्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय, आता बोला!' दुसरी म्हणते, 'कोण, इब्न इसहाक? त्याला तर इमाम मालिक यांनीच दज्जाल (महाठक) म्हटलं होतं.' पान नंबर फेकले जातात, टाळ्या पडतात, आणि साक्षीदार कोण, कुठला, कशाच्या जोरावर बोलतोय हे कोणी विचारत नाही. विषय बदलला की बाजूही बदलतात. मदिनेच्या कराराचा, म्हणजे तिथल्या मुसलमान आणि यहुदी यांच्यातल्या लेखी कराराचा मुद्दा निघाला, की कालपर्यंत त्याला खोटारडा ठरवणारे त्याच्याच भरवशावर बोलू लागतात. आणि कालपर्यंत त्याला प्रमाण मानणारे विचारतात, 'याला पुरावा काय?'

मी इतिहास शिकवण्यात उमर घालवलेला माणूस आहे, कामापुरतं अरबी वाचतो. माझी तक्रार दोन्ही बाजूंबद्दल आहे. इब्न इसहाकला सत्यवादी हरिश्चंद्र म्हणा असा माझा आग्रह नाही. पण त्याला पारखण्याचं काम बाराशे वर्षांपूर्वीच्या मुसलमान विद्वानांनी तुमच्या-आमच्यापेक्षा किती तरी बारकाईनं केलं होतं. ते वाचायचे कष्ट तरी घ्या.

आधी माणूस बघू. मुहंमद बिन इसहाक बिन यसार. जन्म मदिनेत, इ.स. 704 च्या सुमारास, म्हणजे पैगंबरांच्या निधनानंतर सुमारे 70 वर्षांनी. आजोबा यसार हे इराकमधल्या ऐन अल-तम्र या गावचे. खालिद बिन वलीदच्या फौजेनं 633 साली ते गाव घेतलं तेव्हा ते कैद झाले आणि गुलाम म्हणून मदिनेत आले. पुढे सुटका झाली आणि पैगंबरांच्या कुरैश जमातीतल्या एका घराण्याचे आश्रित म्हणून कुटुंब तिथंच रुजलं. बाप इसहाक आणि काका मूसा दोघंही जुन्या हकिकती सांगणारे. युद्धकैद्याचा नातू, मूळचा अरबही नाही, आणि आज सगळं जग ज्या चरित्राच्या चौकटीत पैगंबरांकडे बघतं ती चौकट बहुतांशी त्याची आहे. अरब वंशाचा तोरा मिरवणाऱ्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पुढच्या भांडणात तिचा वाटा होता, त्याकडे येतोच.

त्याच्या लहानपणाची एक आठवण बगदादच्या इतिहासकार खतीबनं नोंदवली आहे. अनस बिन मालिक हे पैगंबरांच्या सेवेत वाढलेले सहाबी, म्हणजे साथी. तेव्हा ते फार वृद्ध झाले होते. इब्न इसहाक म्हणतो, मी अनसना पाहिलं, डोक्याला काळा फेटा होता आणि पोरं मागे धावत ओरडत होती, 'हा पैगंबरांचा साथी आहे, दज्जालला भेटल्याशिवाय मरायचा नाही!' बास, एवढंच. पैगंबरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढीशी त्याचा धागा एवढाच आहे: रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा आणि त्याच्यामागची पोरं. बाकी सगळं त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीकडून गोळा करावं लागलं.

आणि त्यानं ते केलं. मदिनेतल्या घराघरांत कुणाच्या आजोबांनी बद्रच्या लढाईत काय पाहिलं, कुणाच्या आजीनं काय सांगितलं, हे त्यानं विचारून घेतलं. आसिम बिन उमर बिन कतादासारखे अन्सार (पैगंबरांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांच्या) घराण्यातले जाणकार त्याचे गुरू. त्या काळचा सर्वांत मोठा हदीसवेत्ता (पैगंबरांच्या वचनांचा आणि वर्तनाचा जाणकार) इब्न शिहाब झुहरी हाही गुरूच, आणि इब्न इसहाक आला की त्याला अडवायचं नाही अशी ताकीद झुहरीनं दारवानाला दिली होती, असं सांगतात. तरुणपणी तो इजिप्तला गेला. तिथं यजीद बिन अबी हबीब या विद्वानाकडे एक लेखी कागद होता, पैगंबरांनी कोणकोणत्या राजांकडे कोणाला दूत म्हणून पाठवलं त्याची यादी. तो कागद झुहरीकडे धाडण्यात आला आणि झुहरीनं तो ओळखला, मग मजकूर चरित्रात आला. आठव्या शतकात एक माणूस कागद मिळवतो, तो कुठून आला ते सांगतो, आणि जाणकारानं ओळखल्याची नोंदही ठेवतो. 'त्या काळी सगळं ऐकीवच होतं' म्हणणाऱ्यांनी एवढं एक पान तरी वाचावं.

आता दज्जाल. दज्जाल म्हणजे जगाच्या अंती येणारा महाठक. इमाम मालिक, ज्यांच्या नावानं आजही इस्लामी धर्मशास्त्राचा एक पंथ चालतो, त्यांनी इब्न इसहाकला 'दज्जालांपैकी एक दज्जाल' म्हटलं हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण हा शब्द निघाला कुठून? इब्न इसहाक वंशावळींचा जाणकार, आणि मालिक यांचं घराणं अस्सल अरब नसून आश्रितांपैकी आहे असं तो सांगत फिरे. वर मालिक यांचा 'मुवत्ता' हा हदीस आणि धर्मशास्त्राचा ग्रंथ तयार झाला तेव्हा म्हणाला, 'आणा इकडे तो ग्रंथ, मी त्याचा जनावरांचा वैद्य आहे.' एकाच गावात राहणारे दोन विद्वान, एकाच्या तोंडाला असा फटकळपणा आणि दुसऱ्याचा अधिकार मोठा. पुढं काय होणार ते सांगायला नको.

इब्न हिब्बान हा दहाव्या शतकातला कडक हदीस-परीक्षक आहे. तो या भांडणाबद्दल दोन गोष्टी सांगतो, आणि दोन्ही आपल्याकडच्या भाषणांतून हमखास गळतात. पहिली: मालिक यांचा खरा आक्षेप होता तो खैबर, कुरैझा वगैरे यहुद्यांविरुद्धच्या मोहिमांच्या हकिकती इब्न इसहाक मुसलमान झालेल्या यहुद्यांच्या मुलांकडून घेई, याला. दुसरी: पुढे दोघांचा समेट झाला. इब्न इसहाक इराकला निघाला तेव्हा मालिक यांनी त्याला 50 दिनार आणि त्या वर्षाच्या आपल्या बागेच्या फळांतला अर्धा वाटा दिला. दज्जाल हा शब्द तोंडपाठ असलेल्यांनी 50 दिनारही पाठ करावेत.

अर्थात ज्याला पहिला आक्षेप होता त्या रीतीतही मला काही वावगं दिसत नाही, उलट इतिहासकार म्हणून इब्न इसहाकची पाठ थोपटावीशी वाटते. ज्यांचा पराभव झाला त्यांच्या मुलाबाळांनाही त्यानं विचारलं. आज आपण शोधपत्रकारितेत हेच मागतो. पण मालिक यांचा प्रश्नही खोटा नव्हता. त्यांना धर्मशास्त्राचा नियम बांधायचा होता, आणि त्यासाठी साक्षीदारांची साखळी, म्हणजे इस्नाद, घट्ट हवी होती. दोघांना हवं असलेलं काम वेगळं होतं, म्हणून चाळणीही वेगळी.

हा फरक सर्वांत नेमका दाखवला तो इमाम अहमद बिन हंबल यांनी. त्यांना इब्न इसहाकबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले की मोहिमांसारख्या हकिकती या माणसाकडून लिहून घेता येतात, पण हलाल-हरामचा प्रश्न आला की आम्हाला असे लोक हवेत, आणि हाताची मूठ आवळून दाखवली, म्हणजे घट्ट, पक्के. ती आवळलेली मूठ मराठीतल्या कुठल्याही चर्चेत मला दिसत नाही. दिसतं ते एक तर उघडं मैदान, नाही तर बंद दार.

बाकीच्यांची मतंही अशीच पायरीपायरीची आहेत. शुअबा बिन हज्जाज त्याला हदीसमधला अमीर म्हणतो. इमाम शाफिई म्हणतात की मोहिमांचा इतिहास खोलात जाणायचा असेल तर इब्न इसहाकवाचून चालायचं नाही. यह्या बिन मईन म्हणतो, माणूस विश्वासू, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर निकाल देता येणार नाही. बुखारींनी आपल्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या हदीससंग्रहात त्याला मुख्य साखळीत घेतलं नाही, जोडीच्या पुराव्यात मात्र नाव येतं. मधला साक्षीदार गाळून सांगतो असाही ठपका त्याच्यावर आहे, म्हणून 'मला अमक्यानं सांगितलं' असं तो स्वच्छ म्हणेल तिथं विश्वास जास्त आणि नुसतं 'अमक्यापासून' म्हणेल तिथं कमी, असा हिशोब पुढच्यांनी मांडला. इब्न सल्लाम जुमही या काव्यपरीक्षकानं त्याला सर्वांत जास्त झोडपलं ते कवितांवरून. आद आणि समूद या कधीच नामशेष झालेल्या जमातींच्या नावावरची काव्यं इब्न इसहाकनं ग्रंथात घातली, आणि विचारलं तर म्हणे, मला कवितेतलं कळत नाही, लोक आणून देतात, मी पुढे देतो! हा ठपका मला पूर्ण मान्य आहे. त्याच्या ग्रंथातल्या कवितांवर कोणी इतिहासाची इमारत बांधत असेल तर खुशाल हाणून पाडा.

मदिनेत त्याचे दिवस फारसे सुखाचे नव्हते. मग इराकमधलं कूफा, उत्तरेकडचा जझीरा प्रांत, इराणमधलं रय, आणि शेवटी अब्बासी खलिफा मन्सूरनं 762 मध्ये वसवायला घेतलेलं बगदाद. मन्सूरच्या सांगण्यावरून राजपुत्र महदीसाठी त्यानं आदमपासून आपल्या काळापर्यंतचा इतिहास सादर केला आणि तो फार लांबला म्हणून आटोपशीर करायला सांगितलं गेलं, अशी कथा आहे. 767-68 च्या सुमारास तो बगदादेत वारला. दफन खैझुरान कबरस्तानात, जिथं इमाम अबू हनीफाही आहेत.

इथपर्यंतचं बहुतेकांना थोडंफार ठाऊक असतं. माझी खरी तक्रार पुढे सुरू होते, आणि ती विशेषतः संपादक-प्रकाशकांकडे आहे.

'इब्न इसहाक पान अमुक' असं तुम्ही जे छापता, ते पुस्तक इब्न इसहाकचं नाही. त्यानं लिहिलेला ग्रंथ जसाच्या तसा आज कुठंही नाही. त्यानं ठिकठिकाणी शिकवलं, शिष्यांनी उतरवून घेतलं, आणि प्रत्येकाची प्रत थोडी निराळी. कूफ्याच्या झियाद बक्काईची प्रत बसऱ्याच्या इब्न हिशामकडे आली, आणि त्यानं इजिप्तमध्ये बसून तिची संपादित आवृत्ती केली. जगभर वाचली जाते ती ही. रयचा काझी सलमा बिन फझल याच्याकडे गुरूचे मूळ कागदच आले होते म्हणतात. त्याची प्रत तबरी या इतिहासकारानं आपल्या दहाव्या शतकातल्या ग्रंथात भरपूर वापरली. तिसरी यूनुस बिन बुकैरची, तिचे तुकडे मोरोक्कोत फेसच्या करवीयीन मशिदीच्या ग्रंथालयात मिळाले.

इब्न हिशामनं काय केलं ते त्यानं लपवलेलं नाही. प्रस्तावनेतच सांगतो की ज्यात पैगंबरांचा उल्लेख नाही, ज्याबद्दल कुरआनात काही आलेलं नाही, ते मी गाळलं. काव्याच्या जाणकारांपैकी कुणालाच ठाऊक नसलेल्या कविता गाळल्या. ज्यांचा उच्चारही ओंगळ वाटेल किंवा जे काही लोकांना दुखवेल तेही काढलं. आणि बक्काईनं ज्याला दुजोरा दिला नाही तेही. संपादकानं आपली कात्री इतक्या सरळपणे टेबलावर ठेवल्याची उदाहरणं आजही कमीच सापडतील. या कात्रीचा एक नमुना पाहा. बद्रच्या लढाईत पैगंबरांचे काका अब्बास मक्केकरांच्या बाजूनं होते आणि कैद झाले. त्यांच्या खंडणीवरून पैगंबर आणि ते यांच्यात झालेला संवाद तबरीकडे इब्न इसहाकच्या नावानं येतो. इब्न हिशामकडे तो नाही. अब्बास म्हणजे राज्यकर्त्या अब्बासी घराण्याचे मूळपुरुष. कारण काय असावं, याचा तर्क तुम्हीच करा.

आता आल्फ्रेड गियोमचं इंग्रजी भाषांतर, 1955 सालचं. मराठीतले बहुतेक पान नंबर तिथून येतात. गियोमनं इब्न इसहाकचा हरवलेला ग्रंथ पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. इब्न हिशामच्या टिपा मजकुरातून उचलून शेवटी एकत्र लावल्या आणि तबरीतले तुकडे मध्ये बसवले. पण तो प्रामाणिक होता, म्हणून तबरीचा तुकडा सुरू होतो तिथं कंसाबरोबर 'टी' हे तबरीचं आद्याक्षर ठेवलं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या उताऱ्यांत तो 'टी' कधी पाहिलात? पान नंबर राहतो, 'टी' गळतो. म्हणजे दहाव्या शतकातल्या ग्रंथातून विसाव्या शतकात एका इंग्रजानं आणून बसवलेला परिच्छेद मराठीत 'आठव्या शतकातला पुरावा' म्हणून मिरवतो. तो परिच्छेद खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कुणाच्या हातून आला ते सांगा, एवढंच म्हणतो.

मराठी वाचकाला हे अवघड नाही. लीळाचरित्र आपल्याच घरचं आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी हिंडून, विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मग धामधुमीत पोथ्या गेल्या आणि हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आज लीळाचरित्राचा गंभीर अभ्यासक कोणता पाठ हे सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. तीच शिस्त अरबी ग्रंथाला लावायला कसली अडचण?

त्या फेसच्या तुकड्यांची एक गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकांसाठी. ते वाचून, लावून 1976 साली रबातहून प्रसिद्ध करणारा विद्वान होता मुहंमद हमीदुल्लाह, जन्म 1908, गाव हैदराबाद. ज्या उस्मानिया विद्यापीठात मराठवाड्यातल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतली मुलं शिकायला जात, तिथंच हे शिकले आणि शिकवू लागले. 1948 मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून परदेशी गेले ते परत आले नाहीत, पॅरिसमध्ये कित्येक दशकं कुठल्याच देशाचे नागरिक नसल्यासारखे राहिले आणि अभ्यास करत राहिले. त्यांच्या राजकारणाशी मी सहमत नाही, पण त्या कामाला तोड नाही.

याच हमीदुल्लाहांनी मदिनेच्या कराराला जगातली पहिली लिखित राज्यघटना म्हटलं. आपल्याकडचे पुरोगामी वक्ते हे वाक्य फार प्रेमानं वापरतात: मुसलमान आणि यहुदी मिळून एक समुदाय, ज्याचा त्याचा धर्म ज्याला त्याला. करार खरा असावा असं मलाही वाटतं, आणि वेलहाउझेनपासून वॉटपर्यंत चिकित्सक पाश्चात्त्य अभ्यासकांनीही त्याच्या जुनाट, खडबडीत भाषेवरून तेच म्हटलं आहे. पण तो आपल्यापर्यंत सलगपणे आणला कोणी? इब्न इसहाकनं. आणि साक्षीदारांची साखळी? त्यानं दिलेलीच नाही. सरळ मजकूर उतरवलाय. दुसरा पाठ अबू उबैदच्या 'किताब अल-अमवाल'मध्ये आहे, तोही सोबत ठेवायला हवा.

आता बनू कुरैझा, मदिनेतली यहुदी जमात. पुरुषांना ठार करण्याचा निवाडा आणि त्याची अंमलबजावणी. आकडा इब्न इसहाक 600 ते 700 देतो, आणि जास्त सांगणारे 800-900 म्हणतात, अशी पुस्तीही जोडतो. इथं तेच वक्ते म्हणतात, इब्न इसहाक अविश्वसनीय, मालिक यांनी त्याला दज्जाल म्हटलं. 1976 साली डब्ल्यू. एन. अराफात यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात याच धर्तीवर निबंध लिहिला होता, आणि दहा वर्षांनी किस्टर यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही वाचा. पण इब्न इसहाकला बाजूला काढून प्रसंग पुसला जात नाही, कारण ज्यांनी तो निवाडा दिला त्या साद बिन मुआझ यांचा निवाडा बुखारींकडे त्याच्याशिवाय, स्वतंत्र साखळीनं आलेला आहे. तिथं आकडा नाही. तिरमिझींच्या हदीससंग्रहात 400 असा आकडा आहे. म्हणजे वाद आकड्यावर घालता येतो आणि घालावाही. प्रसंगच नाकारायचा असेल तर दज्जाल या शब्दानं भागणार नाही. दुसऱ्या बाजूलाही सांगणं आहे. तुम्ही वरचा आकडा घेता आणि 'जास्त सांगणारे म्हणतात' हे शब्द सोडता. स्वतः इब्न इसहाकनं तो आकडा हातभर अंतरावर धरला होता. ज्या गोष्टीची त्याला खात्री नसे तिथं तो 'असं सांगतात, खरं काय ते अल्लाह जाणे' म्हणून मोकळा होतो. ग्रंथभर हे विखुरलेलं आहे. भाषांतरात ते शब्द गाळणारा कोणत्याही बाजूचा असो, तो अप्रामाणिकच.

इब्न इसहाकनंतरच्या चरित्रकारांचंही थोडक्यात. वाकिदी, मृत्यू 822-23 च्या सुमारास, तारखा आणि ठिकाणं देण्यात त्याचा हात धरणारा नाही, पण हदीसवेत्ते त्याला इब्न इसहाकपेक्षा खूपच खाली ठेवतात. त्याचा लेखनिक इब्न साद मात्र विश्वासू मानला जातो. आपल्याकडे तिघांनाही 'प्राचीन अरबी साधनं' या एका गाठोड्यात बांधतात.

तर मागणं असं. लेखकांनी इब्न इसहाकचं नाव घेताना इब्न हिशामकडून, तबरीकडून की यूनुसकडून हे त्याच वाक्यात लिहावं. तळटिपेत नको, ती कोणी वाचत नाही. साखळी आहे की नाही तेही लिहावं. वाहिन्यांवरच्या सूत्रसंचालकांनी पाहुण्यानं पान नंबर फेकला की पुस्तक कोणतं आणि भाषांतर कोणाचं एवढं विचारावं. निम्मी चर्चा तिथंच संपेल, त्याला माझा इलाज नाही. वक्त्यांनी करार आणि कुरैझा या दोन्ही ठिकाणी एकच माप लावावं, कडक लावा की सैल.

आणि प्रकाशकांनो, हे चरित्र मराठीत आणायचं मनात असेल तर इंग्रजीवरून आणू नका, अरबीवरून आणा. इब्न हिशामची प्रस्तावना अगदी पहिल्या पानावर, संपूर्ण छापा. त्याच्या स्वतःच्या टिपा 'इब्न हिशाम म्हणतो' या शब्दांनी सुरू होतात, त्या जागच्या जागी पण वेगळ्या टायपात राहू द्या. तबरीकडचा मजकूर मध्ये घुसवू नका, परिशिष्टात द्या. कविता गाळू नका, पण त्यांच्यावर इब्न हिशामनं जिथं शंका घेतली आहे ती शंका कवितेखालीच छापा. अरबी पाठाशी ताडून बघायला माणूस हवा असेल तर मी बसायला तयार आहे, मानधनाचं बोलणं नको. फक्त मुद्रितं घाईच्या आठवड्यात पाठवू नका.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक